एकाच टबात कीटकभक्षी वनस्पतींची दलदल: ग्वाल्हेरच्या हवेत जमेल का?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार. आमच्या गच्चीवर सुमारे 60 सेंटीमीटर रुंद आणि 35 सेंटीमीटर खोल असा प्लास्टिकचा टब रिकामा आहे. त्यात दलदल तयार करून व्हीनस फ्लायट्रॅप, सारासेनिया, ड्रॉसेरा आणि घटपर्णी म्हणजे नेपेंथिस या चारही वनस्पती एकत्र लावाव्यात, असे माझ्या मनात आहे. गेल्या वर्षी एक फ्लायट्रॅप बागेतल्या मातीत शेणखत घालून लावला होता आणि त्याला नेमाने बोअरचे पाणी देत होते, तरी त्याची पाने कडेने काळी पडत गेली, मातीवर पांढरा थर धरला आणि दीड महिन्यात रोप गेले. नेमके कुठे चुकले, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (वडोदरा)

ताई, तो पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार, आणि शेणखताने त्यांत भरच पडली. या वनस्पती मुळात अत्यंत निकस, आम्लधर्मी दलदलीतल्या. जमिनीत नत्र जवळपास नसल्यामुळेच त्या तो किड्यांकडून मिळवतात, त्यामुळे खत घातले की त्यांची मुळे जळतात. पीट मॉस (दलदलीत कुजलेल्या शेवाळाचा भुसा) आणि परलाइट (ज्वालामुखी खडकाचे हलके, पांढरे दाणे) किंवा स्वच्छ धुतलेली सिलिका वाळू समप्रमाणात घ्यावी. कोरडे पीट पाणी झटकून टाकते, म्हणून ते रात्रभर भिजवून हाताने कालवावे आणि मुठीत दाबल्यावर पाणी टपकू लागले की मगच टबात भरावे. कोकोपीटमध्ये बरेचदा मीठ असते, तेव्हा ते टाळलेलेच बरे.

पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरला 50 मिलीग्रामच्या आत हवा. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम: एक चौरस मीटर गच्चीवर 1 मिलीमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी मिळते, त्यामुळे पावसाळ्यात दोन मोठे पिंप सहज भरून ठेवता येतात. आरओ यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र कधीही देऊ नये, त्यात क्षार अधिक दाट झालेले असतात.

उत्तर 2 (मुरार, ग्वाल्हेर)

पाण्याबद्दल वर अगदी नेमके सांगितले आहे. मला सोबतीविषयी सांगायचे आहे, कारण किडे खातात एवढ्याच साम्यावर झाडे एकत्र लावली की त्यांतले एखादे हमखास दगावते. फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाचा, सारासेनियाही मुख्यतः त्याच खंडाच्या पूर्व भागातली; दोघांना कडक ऊन, सतत ओली मुळे आणि तीन-चार महिन्यांची थंडीतली विश्रांती लागते. आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी त्यांना मानवते, म्हणून त्या दिवसांत टब घरात आणू नये. पाने सुकली तरी रोप मेले असे समजून उपटू नये.

घटपर्णीला मात्र ही विश्रांती नको आणि पाण्यात उभी राहिलेली मुळेही नकोत, ती कुजतात. आपल्या देशातली नेपेंथिस खासियाना मेघालयातली आहे. तिला स्फॅग्नम (दलदलीतले शेवाळ) आणि परलाइटच्या हलक्या मिश्रणात वेगळे टांगावे. ड्रॉसेरात निवड करावी लागते: आपल्याकडचा दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा बर्मानी, एक हंगाम जगून बी टाकतो आणि ते बी त्याच टबात पुन्हा उगवते, म्हणून तो चालेल. पण कृपया कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही माळावरून रोप उपटून आणू नये. बी विकत घ्यावे.

ग्वाल्हेरमध्ये खरी परीक्षा मे महिन्याची. पारा 45 च्या आसपास गेला की टबातले पाणी तापते आणि मुळे आतल्या आत शिजतात, म्हणून तो टब पांढऱ्या रंगाच्या मोठ्या टबात ठेवावा आणि दुपारच्या उन्हापुरती हिरवी जाळी लावावी. भोक तळाला पाडू नये. काठापासून 10 सेंटीमीटर खाली बाजूला पाडावे, म्हणजे खाली पाणी साठून राहते आणि पावसाचे जास्तीचे पाणी वाहून जाते.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. घटपर्णी वेगळी टांगीन. तळाला विटांचे तुकडे आणि वरून संगमरवरी खडे घालावेत का?

उत्तर 2 (मुरार, ग्वाल्हेर)

दोन्ही नकोत. संगमरवर म्हणजे चुनाच, त्याने दलदलीचे आम्ल हळूहळू संपते, आणि विटांतूनही क्षार झिरपतात. तळापासून वरपर्यंत तेच मिश्रण भरावे.