सीड एकदाच द्या
सी या प्रोग्रॅमिंग भाषेत रँड() हे फंक्शन रँडम आकडे देतं, पण दर रनला तेच आकडे येतात. म्हणून सीड, म्हणजे आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या, देणाऱ्या एसरँड() ला टाइम(), म्हणजे सध्याची वेळ, द्या असा सल्ला दिला जातो. बरोबर, पण लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत नको. मेनच्या (मुख्य फंक्शनच्या) सुरुवातीला एकदाच. टाइम सेकंदांत मोजतो, अख्खा लूप सेकंदाच्या आत उरकला की सीड तोच आणि आकडाही तोच.

आणि रँड() % १०००० (दहा हजारांनी भागून उरलेली बाकी) वर फार विसंबू नका. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत रँडची कमाल मर्यादा ३२७६७ च आहे. म्हणजे ० ते २७६७ यांतला प्रत्येक आकडा चार वाटांनी येतो, बाकीचे तीनच. फाशाच्या खेळात असला फरक कुणाला कळणारही नाही, सिम्युलेशनमध्ये मात्र उत्तरं गंडतात.

ओटीपीसाठी तर रँड नकोच नको. पायथनवाल्यांनीही तिथे रँडम मॉड्यूल सोडून सीक्रेट्स मॉड्यूल वापरावं.