जुनी मिनी कूपर कन्व्हर्टिबल (2017): उघड्या पार्किंगमध्ये कापडी छप्पर मुंबईचा पावसाळा काढेल का?

नमस्कार. मी विलेपार्ले पूर्वेला राहतो. महिनाभर विचार केल्यानंतर 2017 सालची मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल (कापडी छप्पर दुमडून उघडता येणारी गाडी) घ्यावी, असे माझे जवळजवळ ठरले आहे. गाडी पहिल्याच मालकाकडे आहे, अंधेरी आरटीओची नोंदणी आहे, 38 हजार किलोमीटर चालली आहे आणि सर्व्हिसच्या पावत्या सलग आहेत. रोजच्या वापरासाठी घरी वॅगनआर असल्यामुळे ही गाडी रविवारी पहाटे कोस्टल रोडवर आणि क्वचित अटल सेतूवरून पलीकडे नेण्यापुरतीच वापरली जाईल. अशी गाडी चालवण्याची इच्छा मी पंचवीस वर्षे मनात ठेवली आहे, म्हणूनच ती घाईत पूर्ण करून पुढे पस्तावण्याची वेळ येऊ नये असे वाटते.

इंजिनाची मला फारशी धास्ती नाही. दोन लिटरचे, 192 अश्वशक्तीचे हे टर्बो पेट्रोल इंजिन मिनीच्या आधीच्या पिढीतील 1.6 लिटरच्या इंजिनापेक्षा पुष्कळच भरवशाचे मानले जाते, असे मेकॅनिकांकडूनही ऐकले. ऑइल फिल्टर हाउसिंगचे गॅस्केट, कूलंटचे प्लॅस्टिकचे भाग आणि इंजिन माउंट वयोमानाने जातात, तेव्हा त्यांसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवणार आहे. टायर मात्र लगेच बदलावे लागतील. डाव्या मागच्या टायरच्या कडेवर 1417 हे आकडे वाचले, म्हणजे तो 2017 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला आणि बहुधा गाडीबरोबरच आलेला आहे. नक्षी शिल्लक असली तरी कडेच्या रबराला बारीक चिरा पडल्या आहेत. हे रनफ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) असून गाडीत स्टेपनी नसते, त्यामुळे साधे टायर घालून पंक्चर किट जवळ ठेवणे कोणाला सोयीचे पडले आहे का, हेही कळावे.

खरा प्रश्न छपराचा आहे. कंपनीच्या माहितीप्रमाणे ते 18 सेकंदांत उघडते आणि ताशी 30 किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीतही उघडता येते. मी इंजिन चालू ठेवून पाच वेळा उघडझाप करून पाहिली. मोटारीचा आवाज एकसारखा होता आणि छप्पर कुठे अडले नाही. पण कापड जिथे दुमडते तिथे दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचा फिकट पट्टा पडला आहे, आणि मागच्या काचेखालच्या खाचेत वाळलेल्या पानांचा व मातीचा थर साचला होता. मालकांच्या इमारतीत ही गाडी मोठ्या झाडाखाली उभी असते. डाव्या बाजूला मागच्या सीटपुढची मॅट उचलून कार्पेटवर कोरडा रुमाल दाबून धरला, तर तो दमट झाला. दोन दिवसांपूर्वी गाडी धुतल्याचे मालकांनी सांगितले, आणि ते खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही. परंतु खाचेतील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या, तर ते पाणी गाडीतच उतरणार, आणि कार्पेटखालच्या वायरिंगपर्यंत पोहोचलेली ओल पुढे कोणत्या रूपात वर येईल याचा नेम नसतो.

आमच्या सोसायटीतही पार्किंग उघडेच आहे आणि शेड घालण्यास परवानगी नाही. जून ते सप्टेंबर असे चार महिने गाडी पावसात उभी राहील. अंगाला चिकटणारे जलरोधक कव्हर घातले तर आतील दमटपणा कोंडून कापडाला बुरशी धरेल, आणि हवा खेळती ठेवणारे कव्हर पार्ल्याच्या सलग पावसात किती तग धरेल याची शंका वाटते. शिवाय सोसायटीतील मांजरे गाड्यांच्या टपावर झोपतात; पत्र्यावर ओरखडा उठतो, कापडात नख रुतते. चार महिन्यांसाठी जवळपास बंदिस्त जागा भाड्याने घ्यावी असेही मनात आहे, मात्र तशा बंद जागेत उंदीर वायरी कुरतडतात हा अनुभव वॅगनआरच्या बाबतीत एकदा घेतला आहे.

म्हणून ज्यांनी कापडी छपराची कोणतीही गाडी मुंबईत किंवा कोकणपट्टीत निदान दोन पावसाळे सांभाळली आहे, त्यांचा अनुभव मला हवा आहे. कापडावर पाणी न मुरू देणारा लेप वर्षातून किती वेळा द्यावा लागतो? दारांच्या व काचांच्या रबरी पट्ट्यांना सिलिकॉन लावत राहिल्यास त्या किती वर्षे टिकतात? ओले छप्पर दुमडून ठेवू नये हे मला माहीत आहे. पण आठवडाभर ते वाळलेच नाही, तर तुम्ही काय करता? कापड बदलण्याची वेळ आली, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सीटकव्हरचे कारागीर हे काम नीट करू शकतात, की मूळ छप्परच मागवावे लागते?

विम्याबद्दल एवढेच विचारायचे आहे. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) नव्या मालकाला मिळत नाही, आणि गाडीत पाणी शिरून इंजिन बिघडल्यास इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण वेगळे घेतलेले असावे लागते, हे पाहून ठेवले आहे. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो; कापडी छपराचा दावा कोणी केला असेल, तर त्यावर कोणता दर लावला गेला?

येत्या शनिवारी मालकांनी मला पुन्हा बोलावले असून सीट काढून कार्पेट पूर्ण उचलू देण्यास त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. मी ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेणार आहे, पण त्यांनी आजवर एकही कन्व्हर्टिबल हाताळलेली नाही. कार्पेटखाली नेमके कुठे हात घालून पाहावे, नळ्यांची तोंडे कुठे असतात आणि कोणती खूण दिसली तर गाडी सोडून द्यावी, हे कोणी त्याआधी सांगितले तर फार उपकार होतील.