पद्मिनी खाली बसवायचीय – एअर सस्पेन्शन की लोअरिंग स्प्रिंग?

रंकाळा८६
नमस्कार मंडळी. काकांची ८६ ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडं आलीय. इंजिन काम झालं, पत्र्याचं काम झालं, कलर मूळचाच पांढरा ठेवलाय, पण गाडी उभी केली की नाक वर करून उभी राहते ते काय बघवत नाही आणि पुढच्या चाकावर केवढी ती गॅप. मला जरा खाली बसलेली पाहिजे, अगदी रस्त्याला टेकलेली नको. पुण्यातला एक मॉडिफिकेशनवाला म्हणतो एअर सस्पेन्शन घाल, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या बॅगा, बटण दाबलं की खाली, स्पीडब्रेकर आला की वर, विषय संपला. इथला मिस्त्री म्हणतो कशाला खर्च करतोस, स्प्रिंगा कापून देतो, सकाळी गाडी सोड संध्याकाळी घेऊन जा. वापर म्हणाल तर रविवारी गावात एक चक्कर, कधी जोतिबाला, वर्षातनं एकदोनदा पुणे. आईबाबा मागं बसतात. पैसे थोडे बाजूला काढलेत पण उधळायचे नाहीत. पद्मिनीवर यातलं काही कुणी केलंय का?

नानापेठ_रिटर्न
भावा आधी एक गोष्ट, पद्मिनीला लोअरिंग स्प्रिंगचा (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगांचा) चार नगांचा सेट असा काही प्रकारच नाही कारण मागं कॉइल स्प्रिंगच नाहीये. पुढं दोन आर्म आणि कॉइल (वेढ्यांची स्प्रिंग), मागं सरळ ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग, एकावर एक ठेवलेल्या कमानदार पट्ट्या). पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, ते १९५३ चं डिझाइन आहे, तेव्हा हेच चालायचं. त्यामुळं मिस्त्रीनं पुढच्या स्प्रिंगा कापल्या तर फक्त पुढनं बसेल, मागचं काय करणार ते त्याला विचार.

आणि एअरवाल्याला पण हाच प्रश्न विचार. पाटा नुसतं वजन घेत नाही, तो ॲक्सलला जागेवर धरून पण ठेवतो. पाटा काढून एअर बॅग टाकली की बॅग फक्त वजन घेते, ॲक्सल पुढंमागं आणि डावीउजवीकडं धरायला चार लिंक आणि एक आडवा रॉड वेल्डिंग करून बसवावा लागतो. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिस आहे, म्हणजे हे सगळं चाळीस वर्षांच्या पत्र्यावर वेल्ड होणार. तो म्हणाला का हे तुला?

ठाणे_एअर
एअरच्या नावानं लगेच बोटं मोडायला सुरुवात झाली 😀 माझ्याकडे एअर आहे, पद्मिनीवर नाही, दुसऱ्या एका जुन्या सेडानवर, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

मजा येते हे खरं. पार्क करून हवा सोडली की गाडी जी दिसते ना, लोक थांबून फोटो काढतात. मागे माणसं बसली, डिकी भरली तरी हवा वाढवून गाडी परत लेव्हलला आणता येते, हे स्प्रिंगमध्ये होत नाही. पण लोकांचा एक गैरसमज असतो की कुठल्याही उंचीवर गाडी चालवता येते. तसं नाही. चालवायची उंची एकच ठरवायची, त्याच उंचीवर अलाइनमेंट करायची. खाली सोडून चालवली तर प्रेशर कमी, बॅग मऊ आणि वर जायला जागाच नाही, प्रत्येक खड्डा थेट कमरेत. वर उचलून चालवली तर कॅम्बर (चाकाचा आतबाहेरचा कल) बिघडतो, राइड पण कडक होते.

बाकीचा संसार म्हणजे कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, पाइप, सगळं डिकीत. कॉम्प्रेसर चालू झाला की वीसेक अँपिअर सहज ओढतो, तुझ्या गाडीत अजून डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसव, मग एअरचं बोल. पावसाळ्यात हवेतलं पाणी टाकीत साचतं, ते काढत राहावं लागतं नाहीतर व्हॉल्व्ह चिकटतात. माझ्या गाडीत ज्याने काम केलं त्याने एक पाइप सायलेंसरच्या फार जवळून नेला होता, तो वितळला आणि मागची एक बाजू भर घाटात बसली. काम करणाऱ्यावर सगळं आहे. खर्च लाखाच्या वर धर, बाहेरून मागवलं तर ड्युटी वेगळी.

म्हणजे एअर वाईट नाही, पण तुझा वापर वाचून मला वाटतं की तुला ते नकोय.

फिटरकाका
वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय पण मूळ दुखणं कोणी बघितलंच नाही. बाळा तुझ्या गाडीचं नाक वर नाहीये, मागचं बूड बसलंय असा माझा अंदाज. चाळीस वर्षांचे पाटे, कमान गेलेली असते. त्यात इंजिन काम करताना पुढच्या स्प्रिंगा नवीन टाकल्या असतील तर अजूनच फरक दिसणार. चाकाच्या वरच्या गॅपवरून ठरवू नकोस, पद्मिनीचा मागचा पत्रा मुळातच चाकावर जास्त खाली येतो. गवंडी लोकांकडं पाण्याची लेव्हल नळी असते ती आण, गाडी सपाट फरशीवर उभी कर, चारी टायरची हवा सारखी कर आणि दाराखालच्या पट्टीची पुढची आणि मागची उंची बघ. डावीउजवीकडं पण बघ.

मागं बसली असेल तर आधी पाटे उतरव. तुमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात पाट्याचं काम करणारे मिळतील, कमान मारून घ्यायची म्हणजे पाटे परत वाकवून घ्यायचे, पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला धरणारी हलती कडी) बुश नवीन टाकायचे. कोणी म्हणेल एक पाटा काढून टाक, मऊ होईल, तर ऐकू नको, मागं आईवडील बसतात म्हणतोस. आणि कोणी टॅक्सीचे पाटे आणून देईल तेही नको, टॅक्सीवाले डिकीत सीएनजीची टाकी असायची म्हणून जादा पाटा टाकायचे, तुझी गाडी मागनं बैलगाडी होईल.

हे झाल्यावर गाडी लेव्हलला येईल. त्यानंतरही खाली पाहिजे असेल तर पुढं २५ ते ३० मिमी, मागं कमान तेवढ्याच हिशोबानं कमी ठेवायची. पाटा सपाट झाला की त्याची लांबी वाढते आणि शॅकल मागं झुकतो, म्हणून फार खाली घ्यायला जागाच नाही.

स्प्रिंग कापण्याबद्दल. कापणं हे पाप नाही, पण गॅसनं कापलं तर पाप आहे. तापली की त्या जागी तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, मग बसते नाहीतर तुटते. कटरनं कापतात. समजा आठ वेढ्यांची स्प्रिंग आहे आणि एक वेढा काढला तर उरलेली साधारण १४ टक्के कडक होते, हे सरळ गणित आहे. पण स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसते आणि चाक टोकाला, म्हणून स्प्रिंग १५ मिमी कमी केली तर चाकापाशी २५-३० जाते, मिस्त्री हे विसरतात आणि आख्खा वेढा उडवतात. मग गाडी बंप रबरावरच (सस्पेन्शन पार दाबलं की टेकतं ते रबर) चालते. त्यापेक्षा स्प्रिंग बनवून घे, थोडी आखूड आणि तार अर्धा मिमी जाड. अर्धा मिमी ऐकायला कमी वाटतो पण १२ ची साडेबारा केली तर कडकपणा १७-१८ टक्के वाढतो. काही हजारात काम होतं. जुनी स्प्रिंग फेकू नको, तेल लावून गोणपाटात ठेव.

आणि शॉकअप. कडक स्प्रिंगवर मेलेले शॉकअप म्हणजे गाडी नाचतच राहणार. आधी शॉकअप, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन), आर्मचे बुश, मग स्प्रिंग, शेवटी अलाइनमेंट.

श्टुटगार्टचा_देशपांडे
इकडं जर्मनीत साधी लोअरिंग स्प्रिंग टाकली तरी तपासणी करून कागदावर नोंद करावी लागते. तीस वर्षांवरच्या गाडीला एच, म्हणजे ऐतिहासिक गाडीची, नंबरप्लेट मिळते पण बदल त्या काळात होऊ शकला असता असाच पाहिजे. म्हणून जुन्या गाडीवर आजकालचं एअर टाकलं तर ती प्लेट धोक्यात. तुमच्याकडं आरटीओचं काय?

बाकी एअर ही काही नवीन फॅशन नाही बरं, १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोमला कंपनीतूनच एअर सस्पेन्शन होतं. गळायचं म्हणून कित्येक मालकांनी नंतर कॉइल बसवून घेतल्या 😅

नानापेठ_रिटर्न
आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हेच ठणकावलं. गाडी ३० मिमीनं खाली गेली म्हणून कुणी टेप घेऊन येत नाही, पण पत्रा कापून लिंक वेल्ड केल्या तर पासिंगच्या वेळी साहेबांना काय सांगणार? पद्मिनीला दर पाच वर्षांनी जावंच लागतं.

अजून एक. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरप्लेटवर व्हीए सिरीज, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. तुझी गाडी २०३६ ला पन्नासची होते. स्प्रिंग तासाभरात परत बदलता येते, कापलेला पत्रा नाही.

ठाणे_एअर
तासाभरात?? पद्मिनीची पुढची स्प्रिंग, ती दाबून धरायचा कंप्रेसर लावून काढलीय का कधी 😂 आख्खी दुपार धर.

आणि रंकाळा, किती खाली घ्यायची ते स्पीडब्रेकर बघून ठरव. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असा पसरट सांगितलाय, त्यावरून काहीही जाईल. आपल्या गल्लीत पोरं रात्रीत डांबर ओतून जो उंचवटा करतात त्याला ना रुंदी ना उतार. चार माणसं बसवून सायलेंसरच्या पुढच्या पाइपखाली किती जागा उरते ते मोज, तोच आधी लागतो.

रंकाळा८६
सगळ्यांचे लई आभार. काका तुमचा अंदाज बरोबर निघाला राव, लेव्हल नळी लावली, दाराखालची पट्टी मागं चांगली दीड इंच खाली आहे, त्यातही ड्रायव्हर साइड जास्त. पुढच्या स्प्रिंगा खरंच नवीन टाकलेल्या निघाल्या, बिल सापडलं. पाइपखाली चार माणसं बसवून जेमतेम साडेचार इंच राहतंय. म्हणजे एअर कॅन्सल, पाटे आधी, मग बघू.

आता एक विचारायचं होतं. पाटेवाला म्हणतोय कमान मारून देतो पण मेन पाट्याच्या डोळ्यापाशी (टोकाच्या गोल वळणापाशी) बारीक चीर दिसतेय, वेल्डिंग करून चालेल. चालेल का?

फिटरकाका
अजिबात नाही. मेन पाटा नवीन. वेल्डिंग करतो म्हणणाऱ्याकडं कमान पण मारू नको, दुसरा बघ. आणि ड्रायव्हर साइड जास्त बसली असली तरी दोन्ही बाजूचे पाटे एकदमच करून घे, एकच केलास तर गाडी तिरकी उभी राहील.