मदत हवी आहे: देवस्थान जमिनीचा खंड (कसण्याचं भाडं) एकदम एकरी 4,000!

रानकरी: देवस्थानची दोन एकर आजोबांपासून कसतोय. नोटीस आलीय, खंड एकरी 4,000, मागच्या तीन वर्षांचा फरकही भरा, नाहीतर जमिनीचा लिलाव. माझ्याकडची शेवटची पावती 90 रुपयांची! पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय, सहा गेले. लगेच सांगा.

तात्या: जिल्हा? मराठवाडा, विदर्भाचे कूळ कायदे (दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यांचे) वेगळे. सातबाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात काय लिहिलंय?

बांधावरचा: कूळ कायद्याच्या कलम 32 ग ची, म्हणजे कुळाने जमीन विकत घ्यायची, केस टाका, मालक व्हाल. आमचं झालं, 32 म चं, म्हणजे खरेदीचं, प्रमाणपत्रही मिळालं.

तात्या: तुमची जमीन खाजगी असणार. देवस्थानाला 88 ब ची सूट (ट्रस्टच्या जमिनीला कूळ कायद्यातून) असली की 32 ग विसरा. पण त्या सुटीतून कलम 8 आणि 9 वगळलीयत, ती खंडाची कलमं लागूच. म्हणजे कुळाचा खंड आकाराच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) पाचपट किंवा एकरी 20 रुपये, कमी असेल तो. 4,000 आले कुठून?

घंटानाद: वीस रुपयांत देवापुढचा दिवा किती दिवस जळतो हो? हा 1956 चा दर. मी एका ट्रस्टवर आहे. हीच कुळं शेजारच्याला जमीन वाट्याने लावतात तेव्हा अर्धं पीक घेतात, तेव्हा कायदा आठवत नाही.

रानकरी: मी स्वतः नांगरतो. उगाच बोलू नका.

अलिबागकर: आमच्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे जमीनमालकांविरुद्ध, 1933 ते 1939 संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटलांसारखा पुढारी हवा!

तात्या: अहो, त्याच्याकडे नऊ दिवस आहेत, सहा वर्षं नाहीत.

रानकरी: सातारा. आजोबांचं नाव कूळ म्हणून होतं, वारसनोंद राहिली. वडिलांनी 2009 ला ट्रस्टच्या कसल्या तरी कागदावर सही केली होती, अकरा महिन्यांचा करार म्हणे. त्याने फरक पडतो का?

तात्या: हे आत्ता सांगताय? त्यावरच सगळं अडेल, ते म्हणणार तुम्ही कूळच नाही. ते ठरवायचं तहसीलदाराने, कलम 70 ब खाली. जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढा, 88 ब चा दाखला आहे का ते विचारा. नोटिशीला लेखी उत्तर द्या, पोच घ्या. नव्या कागदावर सही नको. आणि चांगला वकील गाठा.

बांधावरचा: सातबारा ऑनलाइन काढताना ओटीपी येत नाही, कुणाला येतोय का?

रानकरी: तलाठी सोमवारी भेटतो म्हणाला. आत्ता तो करार डब्यातून काढला. वडिलांच्या अंगठ्याखाली तारीखच नाही. आणि वडील तर सही करायचे.