पतसंस्थेचा सर्व्हर क्लाउडवर टाकला, म्हणजे पर्यावरण वाचलं का?

टिळकवाडीकर: आमच्या पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. जिन्याखालच्या खोलीत दोन सर्व्हर, त्यांच्यासाठी दीड टनाचा एसी रात्रंदिवस चालू, रविवारीसुद्धा, वर यूपीएस आणि लाईट गेली की जनरेटर. आणि काम काय तर दहा ते पाच पासबुकं नि व्याजाचा हिशोब, बाकी वेळ नुसते गरम होत बसायचे. मार्चनंतर सगळं क्लाउडवर नेलं, म्हणजे मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर. तिकडं एकाच मशीनवर कितीतरी जणांचं काम चालतं. पीयूई म्हणून एक माप असतं, आख्ख्या सेंटरला लागलेली वीज भागिले फक्त मशीनना लागलेली, 1 च्या जितकं जवळ तितकं चांगलं. गूगल आपलं 1.09 सांगतं, जगाची सरासरी 1.56 च्या आसपास. आमच्या खोलीचं मी मोजलं नाही, पण 2 च्या खाली नसणार. म्हणून म्हणतो, क्लाउड बरा.

उद्यमबाग_भट्टी: होय की, पण वीज गेली कुठं? ऐरोलीला नाहीतर बेंगळूरला. देशातली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच आहे. आणि ते 1.09 म्हणजे एसी-यूपीएसचा वरखर्च कमी एवढंच, मशीन आत काय फालतू काम करते ते त्यात येतच नाही. मी फौंड्रीतला माणूस. उद्या भट्टी रिकामीच तापवत ठेवली आणि मालकाला म्हटलं, बघा शेडमधले पंखे किती कमी वीज खातात, तर दुपारच्या आत घरी पाठवतील. आम्ही टनामागं युनिट मोजतो, तुम्ही पण एका हिशोबामागं किती ते सांगा.

टिळकवाडीकर: अण्णा, भट्टीचं पटलं, पण रिकामी तापवत होतो ते आम्हीच की! 2020 साली ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात मासानेट वगैरे संशोधकांचा पेपर आला होता, 2010 ते 2018 मध्ये जगातल्या डेटा सेंटरचं काम साडेसहा पट झालं आणि वीज वाढली फक्त 6 टक्के. लहान लहान सर्व्हर खोल्या बंद होऊन काम मोठ्या सेंटरांत गेलं, मशीन सुधारल्या, त्याचाच हा परिणाम.

निपाणी_नाका: 2018 लाच थांबलात व्हय? पुढं एआय आलं की ओ. आयईए म्हणजे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा आकडा बघा, जगातल्या डेटा सेंटरांची वीज 2024 ला 415 टेरावॅट-अवर (एक टेरावॅट-अवर म्हणजे शंभर कोटी युनिट), 2030 पर्यंत 945 चा अंदाज. आयर्लंडात 2023 ला देशाच्या मीटरवरच्या विजेतली 21 टक्के डेटा सेंटरांनीच खाल्ली. गूगलचं स्वतःचं उत्सर्जन 2023 ला 2019 पेक्षा 48 टक्क्यांनी जास्त, हे त्यांनीच छापलंय. स्वस्त झालं की माणूस जास्त वापरतो, जेव्हन्स नावाच्या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञानं 1865 लाच कोळशाबद्दल लिहून ठेवलंय. माझ्या भावाच्या लग्नाचे चार हजार फोटो क्लाउडवर पडलेत, अजून एकदाबी कुणी उघडले नाहीत.

चिकोडी_ऊसवाला: मग बेळगावातच बांधा की सेंटर. हवा थंड, आणि साखर कारखान्यांची बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चोथ्यावरची वीज आहेच.

निपाणी_नाका: कारखान्याची चिमणी हंगामात पेटते मामा. मे-जूनमध्ये सर्व्हर काय उसाची वाट बघत बसणार? कंपन्यांचं पण असंच चालतं, वर्षाच्या हिशोबात सौर वीज तेवढीच विकत घेतली म्हणून हिरवे, आणि रात्री दोन वाजता कोळसाच जळूलालाय.

खानापूरची_सूनबाई: पाण्याचं कुणीच बोललं नाही. बऱ्याच सेंटरांत थंडाव्यासाठी पाण्याची वाफ करून हवेत सोडतात, ते परत येत नाही. बेळगावला पाणी देणारं राकसकोप धरण खाली गेलं की शहरात नळाची वाट किती दिवस बघतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि पाणी नको म्हटलं तर एसीसारखीच यंत्रं लावायची, म्हणजे वीज जास्त. थंड हवा म्हणताय, एप्रिलमध्ये येऊन बघा एकदा. आमच्याकडं पंपाला सात तास थ्री-फेज म्हणतात, तीसुद्धा कधी रात्री. सेंटरला मात्र चोवीस तास देणार, मग शेतकऱ्यानं काय करायचं?

टिळकवाडीकर: पाण्याचं मान्य ताई. तरी लहान संस्थांनी आपापल्या खोल्या बंदच कराव्यात असं मला अजून वाटतं.

उद्यमबाग_भट्टी: बरं, जिन्याखालच्या त्या एसीचं काय केलंत? विकला?

टिळकवाडीकर: नाही ओ. आता तिथं मॅनेजर साहेबांनी टेबल-खुर्ची टाकलीय. एसी चालूच आहे.