भिंतींचा रंग आणि घरातली माणसं : तुमचे अनुभव सांगा

दसऱ्याआधी हॉल पुन्हा रंगवायचाय, म्हणून विचारते. गेल्या एप्रिलात चारही भिंतींना गडद मोरपंखी दिला. शेडकार्डावरचा बोटभर चौकोन उन्हात धरून पसंत केलेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि हॉलमध्ये दुपारी तीनलाही ट्यूब लावायची वेळ आली. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, आठ-आठ दिवस ऊन नाही. सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. पण त्यांची वेताची खुर्ची रोज थोडी थोडी सरकत स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथली भिंत क्रीम आहे. रंग मी निवडलेला, म्हणून फार लागलं. तुमच्याकडे काय झालं, ते मोकळेपणाने लिहा.

वडगाव : ताई, मी रंगकाम करतो. गडद रंग उजेड पिऊन टाकतो. त्यात समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, म्हणून खोलीत तो कार्डापेक्षा दाट दिसणारच. दोन बाय दोन फुटांचा पट्टा मारून घ्या. सकाळी बघा, ढग आले की बघा, रात्री दिव्यात बघा. मोरपंखी एवढा आवडत असेल तर खिडकीसमोरची एकच भिंत ठेवा, बाकी फिक्या करा.

शहापूर : आमचं साड्यांचं दुकान. भिंती गुलाबी होत्या, आत पिवळे दिवे. राखाडी साडी तिथे हिरवट दिसायची, घरी नेली की निराळीच. गिऱ्हाईक परत यायचं आणि आम्ही रंगाऱ्यावर चिडायचो. नंतर कळलं की पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात हीच भानगड झाली होती. विणकामातला काळा रंग फिका दिसतो अशा तक्रारी यायच्या. रंगाईचे प्रमुख शेव्रल यांनी शोधून काढलं की दोष काळ्यात नाही, शेजारच्या धाग्याच्या रंगात आहे. १८३९ साली त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. आम्ही भिंती पांढरट केल्या, पांढरे दिवे लावले. तरीही साडी दारात नेऊन उजेडात दाखवल्याशिवाय बिल करत नाही.

निपाणी : मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. आमचे झगे, चादरी हिरव्या. तास-दीड तास रक्ताकडे बघून नजर पांढऱ्या कापडावर गेली की हिरवट डाग तरंगतात. हिरव्यावर ते जाणवत नाहीत, डोळ्यांना आराम पडतो. हिरवा शांत रंग म्हणून घरच्यांनी हौसेने झोपायच्या खोलीला तोच दिला. मला झोप येईना. डोळे मिटले तरी मॉनिटरची टिकटिक ऐकू यायची. सहा महिन्यांत बदलला. सगळ्यांना शांत वाटणारा रंग आपल्याला तसाच वाटेल असं नाही हो.

खानापूर : आमचं जुनं घर जांभ्या दगडाचं. दिवाळीआधी चुन्यात नीळ घालून भिंती सारवायच्या, म्हणजे पिवळटपणा जातो. तांबडी माती उडून भिंतीचं बूड मळायचं, म्हणून आजी खाली हातभर काव लावायची. बेळगावात फ्लॅट घेतला तेव्हा सगळं पांढरंशुभ्र केलं. बाबा आले की दोन दिवसांत पिशवी भरायचे, "इथं दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय रे." गेल्या वर्षी हॉलच्या एका भिंतीला खाली हातभर तांबडा पट्टा मारला, तशीच कावेची छटा शोधून. बाबा आले, पट्ट्यावरून तळवा फिरवला आणि सोफा सोडून तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसले. चहा तिथेच मागितला. त्या खेपेला अकरा दिवस राहिले.