हायकू गमतीत कसा लिहायचा?

खानापूरवाला: आमच्यात रविवारी चार पोरं जमतात, मोबाईल सोडून काहीतरी करू म्हणून हायकू, म्हणजे तीन ओळींची जपानी कविता, काढलाय पण सगळी ओळींतली ५-७-५ अक्षरं मोजत बसूलालेत, मजाच येईना. काय करूया?

तिसरं गेट: मोजणं सोडा की आधी! मराठीत कवयित्री शिरीष पैंनी हायकू रुजवला तो मोजणीच्या जोरावर नव्हे, दिसलेल्या क्षणाच्या जोरावर. आणि हे मुळात खेळातनंच आलंय बघा. जपानात रेंगा म्हणून साखळी कविता असायची, एकानं ५-७-५ म्हणायचं, दुसऱ्यानं ७-७ जोडायचं, परत तिसरा. त्यातलं पहिलं कडवं सुटं झालं, त्याला पुढं शिकी या जपानी कवीनं हायकू नाव दिलं. तुम्ही पण तसंच खेळा, चहा-कुंदा घेऊन. घ्या माझं, रेल्वे गेटावरचं:

गेट पडलं
सगळ्या छत्र्या उभ्या
बेडूक गेला

निपाणीकर: 😂 हे घे ७-७:

मास्तर पण उभे
घंटा झाली शाळेची

खानापूरवाला: भारी! पण यमक नको काय?

तिसरं गेट: सक्ती नाही रे, जपानी हायकूत यमक नसतंच. ऋतू तेवढा दिसू दे, आपल्याकडं पावसाला काय तोटा? पुढचं ५-७-५ तुझं, टाक लवकर.